कनिष्ठाचं उत्तर

रविवार, १६ मार्च, नाश्त्यानंतर. स्थळ: आमच्या स्लाऊच्या घरातली पुढची खोली. हजर: बाबा, खिडकीजवळच्या खुर्चीत. दादा, पुण्याहून बाबांना न्यायला आलेला, सोफ्यावर. माझी मुलगी, कार्डिफहून वीकेंडपुरती आलेली, जमिनीवर उशी घेऊन. माझा नवरा, जावई म्हणून निरीक्षक, म्हणजे ऐकायचं आणि चहा करायचा. मी, लॅपटॉपसह. गैरहजर: आई, कायमची. भिंतीवर जनरलसाहेब, फ्रेममध्ये.

विषय: आदल्या दिवशी ईलिंगला झालेलं बाबांच्या पुस्तकाचं वाचन.

आमच्या घरात कुठलंही कार्य पार पडलं की दुसऱ्या दिवशी बैठक बसते. लग्न असो, सहल असो, नाहीतर घर बदललेलं असो. काय चुकलं ते बोलायचं, म्हणून आई तिला चुकांची बैठक म्हणायची. सगळ्यात लहान माणूस आधी बोलतो, मग त्याच्याहून मोठा, असं चढत चढत शेवटी बाबा. मोठ्यानं आधी तोंड उघडलं तर लहान त्याचीच री ओढतो, म्हणून हा उलटा क्रम. बाबांचं बोलून झालं की बैठक संपली. त्यावर कुणी काही बोलायचं नाही. इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे आहे.

त्या रविवारी मला बैठकीत एक उत्तर द्यायचं होतं. बारावीच्या निकालानंतर द्यायचं राहिलेलं उत्तर, आणि आता माझी पन्नाशी उलटली आहे. ते का राहिलं हे सांगायला जनरलपासून सुरुवात करावी लागते.

बाबा नाशिकजवळ मुलांच्या एका निवासी सैनिकी शाळेत इतिहास शिकवायचे. स्वतः सैनिक नव्हते. तरुणपणी अधिकारी व्हायला गेले, डोळ्यांच्या तपासणीत बाद झाले, आणि मग ज्यांचे डोळे चांगले होते त्यांना जन्मभर शिकवत राहिले. आम्ही शिक्षकांच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बिगुल वाजला की उठायचं, बिगुल वाजला की अभ्यासाला बसायचं. शाळा मुलांची, पण बिगुल आम्हा मुलींनाही लागू होता.

शाळेच्या वाचनालयातल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात बाबांना हा जनरल भेटला. प्रशियाचा, एकोणिसाव्या शतकातला. पोरवयात तोफखान्यात दाखल झाला, फ्रेंचांविरुद्धच्या लढायांत लढला, मग बराच काळ युद्धखात्यात टेबलाशी बसला, आणि उतारवयात देशातल्या सैनिकी शाळा त्याच्या हाताखाली आल्या. तेच त्याचं खरं काम. बड्या घराण्यांचं म्हणणं असं की अधिकारी व्हायला चांगलं रक्त आणि छाती पुरे, पुस्तकं कशाला. हा म्हणे, आधी शाळेचं शिक्षण नीट पुरं करा, मग तलवार. घोकंपट्टी त्याला खपायची नाही. विद्यार्थ्यासमोर नकाशा ठेवायचा, अडचण सांगायची आणि विचारायचं, आता तू काय करशील? पुतळे अर्थात लढाया जिंकणाऱ्यांचे झाले. बाबा म्हणायचे, "लढणारे पुष्कळ झाले. लढणाऱ्याला विचार करायला लावणारा हा."

त्याचं मराठीत चरित्र लिहायचं बाबांनी ठरवलं तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. शब्दकोश घेऊन ते घरच्या घरी जर्मन शिकले. सैन्यात गेलेले जुने विद्यार्थी जिथे पोस्टिंग होईल तिथून त्यांना झेरॉक्स पाठवायचे. जनरलचं चित्र पुस्तकातून मोठं करून घेतलं, फ्रेम केली आणि घड्याळाशेजारी लावली. गालांवर पांढरे कल्ले, छातीवर पदकं, नजर थेट आमच्या ताटांवर. आई दर शुक्रवारी काच पुसायची आणि आम्हाला ऐकू जाईल असं म्हणायची, "थांबा, मामंजींना पुसून घेते." तिच्या खऱ्या सासऱ्यांचा फोटो घरात कुठेच नव्हता. त्यावरही ती एकदा बोलली होती, पण बैठकीत नाही.

बैठकीची पद्धत जनरलचीच, असं बाबांनी आम्हाला सांगितलं होतं. त्याच्या शाळांत सराव संपला की असेच सगळे बसायचे. आमच्या घरात सगळ्यात लहान मी. त्यामुळे समजायला लागल्यापासून पहिल्यांदा बोलणारी मीच. पहिल्यानं बोलणाऱ्याला इतरांचं ऐकून आपलं म्हणणं सावरता येत नाही, म्हणून मी मुद्दे आधी कागदावर उतरवून आणायचे. अजून माझ्या फ्रीजवर याद्या असतात. ही सवय कुठून लागली असं कुणी विचारलं तर मी माहेरची म्हणून सांगते.

तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. मैत्रिणींच्या घरी मुलींना कुणी काही विचारतच नव्हतं. आमच्याकडे सगळ्यात आधी विचारत. जो आधी बोलतो त्याच्यावर बाकीचे सगळे बोलतात आणि त्याला पुन्हा काही म्हणता येत नाही, हे लक्षात यायला मला बारावीचा निकाल लागावा लागला.

मला पुण्याला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं होतं. मार्क होते, प्रवेश मिळत होता, हॉस्टेलमध्ये जागाही होती. बैठक बसली, मी मुद्दे वाचून दाखवले. माझ्यानंतर दादा. तो तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगच्याच दुसऱ्या वर्षात अडकून बसला होता. काही दिवसांपूर्वी परेड ग्राउंडच्या कट्ट्यावर त्यानं मला सांगितलं होतं की त्याला हे शिक्षण नकोच आहे, सोडून द्यायचं आहे, फक्त बाबांसमोर तोंड उघडत नाही. बैठकीत सांगतो, म्हणाला होता. बैठकीत तो म्हणाला की या खेपेला त्याचं वर्ष नक्की सुटेल, आणि हिचं म्हणाल तर ही कॉमर्समध्येही चमकेल. आई म्हणाली, पोरीचं तिला पटतंय, पण तुम्ही म्हणाल तसं. मग बाबा बोलले.

"एका घराला एकाच वेळी दोन आघाड्या झेपत नाहीत. आधी याची आघाडी संपू दे. हिनं नाशिकला बी.कॉम. करावं."

मी हात वर केला. माझ्याकडे एका वाक्याचं उत्तर होतं. दोन आघाड्या नाहीतच बाबा, दादा सोडतोय.

"कनिष्ठाचं बोलून झालंय," बाबा म्हणाले. रागावून नाही. शाळेतल्या मुलाला नियमाची आठवण करून द्यावी तसं.

रात्री जेवताना मी पुन्हा विषय काढायला गेले तर आईनं टेबलाखाली माझा पाय दाबला. दादा आमटीत बघत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला शपथ घातली की यातलं काही बोलायचं नाही. पुढे त्यानं इंजिनिअरिंग सोडलंच. तोवर माझं बी.कॉम. होत आलं होतं. तो विम्याच्या कामात पडला आणि चांगला रुळला. माझं लग्न झालं, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो, आणि मी स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये लागले. कुठला ट्रक कुठल्या दाराला लागणार, कुठली शिफ्ट कोण करणार, हे मी ठरवते. काम चांगलं आहे आणि मला ते येतं. पण इस्टेटमध्ये नवी शेड उभी राहायला लागली की जेवणाच्या सुट्टीत मी सँडविच घेऊन कुंपणापाशी जाते आणि पायाचं काम बघत उभी राहते. टीममधल्या मुलांना वाटतं मला मोकळी हवा आवडते.

आई गेल्यापासून बाबा वर्षातले काही महिने माझ्याकडे असतात, व्हिसा मिळतो तेवढे, आणि बाकीचे दादाकडे. उन्हाळ्यात या म्हटलं तर ऐकत नाहीत. हिवाळ्यातच येतात, जनरलच्या हवेत लिहायला बरं पडतं म्हणे. सोबत जनरलची फ्रेम येते, आईच्या साडीत गुंडाळलेली. डोळे आता अक्षरांपुरते गेलेच आहेत, त्यामुळे पुस्तक ते सांगतात आणि मी टाइप करते. दर रविवारी सकाळी, विरामचिन्हांसकट.

या जानेवारीत सातवं प्रकरण सुरू झालं. जनरलच्या शिकवण्याच्या पद्धतीवरचं. बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि सांगत होते.

"सरावानंतरच्या बैठकीत प्रथम कनिष्ठ विद्यार्थी बोलत असे, पूर्णविराम. त्यानंतर क्रमाने वरिष्ठ, स्वल्पविराम, आणि अखेरीस प्रमुख, पूर्णविराम. मात्र बैठक तेथे संपत नसे, पूर्णविराम."

मी टाइप करत होते. हात आपोआप चालतात.

"प्रमुखाचे बोलणे झाल्यावर पुन्हा कनिष्ठाला उभे केले जाई, पूर्णविराम. सर्वांच्या आक्षेपांना उत्तर देण्याचा त्याला हक्क होता, पूर्णविराम. त्याने तो बजावला नाही, स्वल्पविराम, तर ती त्याची उणीव समजली जाई, पूर्णविराम. या शिक्षणाचा आत्मा या शेवटच्या फेरीत आहे, पूर्णविराम. नवा परिच्छेद."

मी परिच्छेद घेतला नाही.

"घेतलास का?"

"बाबा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"कुठलं?"

"कनिष्ठाच्या उत्तराचं."

"पहिल्यापासून. त्या इंग्रजी पुस्तकातच होतं की."

"मग आपल्याकडे?"

त्यांना प्रश्न नीट समजायला थोडा वेळ लागला. मग हसले. "आपल्याकडे घर होतं, बाळ. शाळा नव्हती. उत्तराला उत्तर सुरू झालं असतं तर तुझ्या आईनं स्वयंपाक कधी केला असता? हं, नवा परिच्छेद."

मी घेतला. दुपारपर्यंत आम्ही ते पान पुरं केलं.

बाबांच्या हाती अर्धवट पुस्तक आलं असतं, पान फाटलेलं असतं, जर्मन वाक्य त्यांना लागलं नसतं, तर मी समजू शकले असते. इतक्या लांबच्या गोष्टीत असं होतं. पण पद्धत त्यांच्या हाती सबंध आली होती. ती त्यांनी आमच्या मापाला कापली, आई त्यांच्या जुन्या पँटी कापून दादासाठी करायची तशी, आणि उरलेला तुकडा पुस्तकासाठी जपून ठेवला. शाळेतल्या मुलांना त्यांनी तो तुकडा दिला होता का, हे मी विचारलं नाही. दिला असणार. ती मुलं अजून त्यांना दिवाळीला फोन करतात आणि फोनवरसुद्धा त्यांच्याशी वाद घालतात, आणि बाबा खूश होतात.

मार्चमध्ये ईलिंगच्या मराठी मंडळींनी बाबांचं वाचन ठेवलं. हॉल बुक करण्यापासून खुर्च्या लावण्यापर्यंत सगळं माझ्याकडे होतं, आणि बहुतेक सगळं वेळेवर झालं. बाबांनी निवडलं सातवं प्रकरण. त्यांना दिसत नाही म्हणून वाचलं दादानं. पुण्या-नागपूरकडची सॉफ्टवेअरमधली तरुण मंडळी बरीच होती, इथे जन्म गेलेली काही जुनी माणसं होती. शेवटच्या फेरीचा परिच्छेद आला तेव्हा टाळ्या पडल्या. दादा वाचताना थांबला, म्हणजे टाळ्यांसाठी. नंतर प्रश्न झाले. एका मुलानं उठून विचारलं की सर, हा मेथड तुम्ही स्वतः कधी इम्प्लिमेंट केला का.

"शाळेत केला," बाबा म्हणाले. "आणि घरीही केला. माझी मुलगी मागे असेल बघा, तिलाच विचारा."

सगळे वळले. मी चहाचा थर्मास धरून उभी होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "किती लकी हो तुम्ही. आमच्याकडे वडिलांसमोर ब्र काढायची सोय नव्हती."

मी त्यांना सांगितलं की साखर वेगळी ठेवली आहे.

परतताना गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी बसले होते, आनंदात होते, आणि चुका टिपल्यास ना, असं त्यांनी मला दोनदा विचारलं. टिपल्या, मी म्हणाले. उद्याच्या बैठकीत उत्तर द्यायचं मी त्या गाडीतच ठरवलं. गुरुवारी बाबा आणि दादा परत जाणार होते. बाबांचं वय पाहता पुढच्या हिवाळ्याचं कुणी सांगावं.

तर रविवार. पहिली माझी मुलगी. तिचं मराठी इथलं आहे, पण बैठकीत ती मराठीतच बोलते, आजोबांनी ते तिच्याकडून लहानपणीच कबूल करून घेतलं आहे.

"आजोबा, भाषण छान झाला. पण माइक तुमच्यापासून लांब होती. मामा खूप फास्ट वाचत होता, ट्रेन पकडायचा असल्यासारखा. आणि एक क्वेश्चन. ती लास्ट राउंड, रिप्लायवाली. ती आपण का नाही करत?"

बाबांनी मान डोलावली. त्यांचा क्रम शेवटचा, त्यामुळे तेव्हा ते काही बोलणार नव्हते. मुलीला बारावीच्या बैठकीचं काही माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही. तिला फक्त ऐकलेलं आणि पाहिलेलं जुळलं नाही.

मग मी. हीटिंग उशिरा लावलं गेलं, प्रश्नांना वेळ कमी पडला, हे सांगितलं. मग म्हणाले, "माझी एक जुनी बाब शिल्लक आहे. बारावीच्या निकालानंतरच्या बैठकीतली. पुस्तकातला नियम बघता त्या बैठकीत माझं उत्तर घ्यायचं राहिलंय. मला ते द्यायचं आहे."

दादानं कप खाली ठेवला.

"क्रमानं," बाबा म्हणाले. "आधी बाकीच्यांचं होऊ दे."

हेही बरोबरच होतं. उत्तर शेवटीच द्यायचं असतं. मी थांबले. दादा हॉलच्या आवाजाविषयी बोलला, प्रकरण थोडं आटोपशीर करता येईल म्हणाला, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाला की निघायच्या दिवसांत जुनं काही उकरत बसू नये. नवऱ्यानं निरीक्षक या नात्यानं खिडकीबाहेर बघितलं.

बाबा बराच वेळ बोलले. काल कुठे त्यांनी एक संदर्भ चुकवला, कुठल्या प्रश्नाला पुरेसं उत्तर दिलं नाही, सगळं स्वतःहून सांगितलं. स्वतःच्या चुका सांगण्यात ते कधी कमी पडलेले नाहीत. मग म्हणाले, "नातीचा मुद्दा रास्त आहे. जे पुस्तकात लिहायचं ते घरात पाळायला हवं. आजपासून आपल्या बैठकीत कनिष्ठाचं उत्तर घ्यायचं. इतिवृत्तात लिही."

मी लिहिलं. मला वाटलं, झालं. इतकी वर्षं तयार असलेलं वाक्य मी मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

बाबांनी तोंड जमिनीवरच्या उशीकडे वळवलं. "हं, बोल."

"मी?" मुलगी म्हणाली.

"सगळ्यात लहान तूच ना."

"मला काही नाही ऍड करायचं. माझी टर्न आईला द्या."

"ती देता येत नाही."

"आजोबा, पण आईचंच तर राहिलंय. ती आत्ता बोलली ना."

"तुझी आई कनिष्ठ होती," बाबा म्हणाले. "आता नाही. नियम कनिष्ठासाठी आहे, आणि आता कनिष्ठ तू आहेस. तिची बैठक तेव्हाच संपली." मग माझ्या दिशेनं, आवाज जरा मऊ करून, "पुढच्यांना तर मिळालं. तेही काही कमी नाही."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. तिला नक्की काय झालंय ते कळत नव्हतं, पण काही तरी झालंय हे कळत होतं. बाबा काठी शोधायला लागले. नवरा, जो लग्नापासून एकाही बैठकीत अक्षर बोललेला नाही, म्हणाला, "अजून कुणाला चहा?"

मी बोलू शकले असते. माझं घर, माझी खुर्ची, मला कोण अडवणार होतं? पण बाबांनी काठी घेतली होती आणि ते उठत होते. उत्तर द्यायला समोर कुणी तरी ऐकायला बसलेलं लागतं. ते उठल्यावर बोलले असते तर ती तक्रार झाली असती, आणि तक्रारी बाबा आईकडे सोपवायचे.

नंतर स्वयंपाकघरात दादा कप पुसायला आला. पुण्यात तो कपाला हात लावत नाही.

"तू सांगणार होतीस ना," तो म्हणाला. "माझं."

"हो."

"तेव्हाच मी सांगायला हवं होतं. तुझ्यानंतर आणि त्यांच्या आधी. सगळ्यात वाईट जागा असते ती मधली."

"अजून सांग की. ते शेजारच्या खोलीत आहेत."

तो कप पुसत राहिला. कोरडा झालेला कपसुद्धा. "आता काय उपयोग," म्हणाला. "त्यांचं वय बघ. आणि त्यांना वाटतं मी तेव्हा मेहनत केली, पण जमलं नाही. एवढं तरी राहू दे." थोड्या वेळानं म्हणाला, "सातवं प्रकरण तेवढं निघायच्या आधी मेल कर. बाकी सगळं छापखान्यात गेलंय."

म्हणजे माझ्या उत्तराची त्यालाही भीती होती, आणि ज्या प्रकरणामुळे त्या उत्तराचा विषय निघाला ते प्रकरण त्याला वेळेवर हवं होतं. मी त्याला ओला कप दिला.

आज बुधवार. उद्या सकाळी त्यांना हीथ्रोला सोडायचं आहे. मुलगी रविवारीच कार्डिफला परत गेली. जाताना प्लॅटफॉर्मवर तिनं विचारलं, काय होतं ते, आई? मी म्हणाले, एक साधं वाक्य होतं. तिनं आग्रह केला नाही. गाडीतून मेसेज पाठवला की पुढच्या बैठकीत ती तिच्या टर्नला फक्त एवढंच म्हणेल की आईचं ऐका. मी तिला कळवलं की पुढच्या बैठकीला आजोबा असतील तर.

सातवं प्रकरण माझ्यासमोर उघडं आहे. मुद्रितशोधन झालं आहे. 'या शिक्षणाचा आत्मा या शेवटच्या फेरीत आहे' या वाक्यापुढे मी काल एक चांदणी टाकली आणि पानाच्या तळाशी जागा सोडली. तळटीप एका ओळीची होईल. लेखकाच्या घरी ही फेरी घेतली जात नसे, एवढीच. सगळं खरं आहे, आणि पुस्तक खऱ्यासाठीच लिहिलंय असं बाबा म्हणतात. पण बाबांना वाचता येत नाही. ती टीप त्यांना कुणी तरी वाचून दाखवायला हवी, आणि वाचून दाखवणारे आम्ही दोघंच, दादा आणि मी. न दाखवता छापली तर मी पुन्हा तिथेच बोललेली असेन जिथे ते ऐकत नाहीत, आणि शिवाय आंधळ्या माणसाच्या पाठीमागे. दाखवायची तर आज दाखवायला हवी. ते पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत पडले आहेत. मघाशी पाणी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "सातवं पाठवलंस ना?" मी म्हणाले, बघते.

उद्यासाठीची यादी. बाबांची औषधं हातातल्या बॅगेत: झालं. व्हीलचेअरची नोंद: झालं. दादाच्या घरासाठी बिस्किटं, चहा: झालं. जनरलसाहेबांची काच पुसून फ्रेम आईच्या साडीत गुंडाळणं: झालं. रविवारच्या बैठकीचं इतिवृत्त: झालं.

सातवं प्रकरण: बाकी.